एकदाचं माझं झाकण लावा

मी एक ॲम्प्लिफायर बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. दुसऱ्याचा आवाज मोठा करून देणं हे माझं काम. पण माझं स्वतःचं म्हणणं काय, हे आजवर कुणी विचारलं नाही. आत्ता दुपारच्या झोपेची वेळ आहे, घर शांत आहे, माझं झाकण नेहमीसारखं उघडंच आहे. तेवढ्यात सांगून घेतो.

माझा जन्म अलेक्झांड्रियात, कर्मूझ भागातल्या एका तिसऱ्या मजल्यावर झाला. मला बनवलं लुत्फीने. लुत्फीने शाळा सहावीत सोडली आणि विजेच्या जळालेल्या मोटरींची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्या दुकानात तो कामाला लागला. बोलायला लाजरा. गिऱ्हाइकाशी बोलतानाही नजर हातातल्या तारेवर. पण त्या हातांना तांब्याची तार अशी ओळखायची, की बघत राहावं.

माझे ट्रान्सफॉर्मर त्याने घरीच गुंडाळले. तीन हजार वेढे, एकेक मोजून. मध्येच त्याची मोठी बहीण इन्साफ खोलीत डोकावायची.

"लुत्फी, चहा घेणार?"

झालं! मोजणी चुकली. लुत्फी मान खाली घालून सगळी तार उलगडायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायचा. चौथ्यांदा असं झालं तेव्हा इन्साफ म्हणाली, "अरे, हो म्हणायला काय जातं? हो म्हटलं असतंस तर निदान चहा तरी मिळाला असता."

माझे काचेचे व्हॉल्व्ह अत्तारीनच्या जुन्या बाजारातून आले. लष्कराच्या मोडीत निघालेल्या रेडिओतून काढलेले. आणि माझं अंग म्हणजे इन्साफचं ॲल्युमिनियमचं ताट. ईदच्या आधी कहकची बिस्किटं रचून भट्टीवर भाजायला न्यायचं ते मोठं ताट. लुत्फीने ते न विचारता घेतलं, उलटं केलं आणि त्याला गोल भोकं पाडली. इन्साफने कपाळाला हात लावला. "ईदला आता बिस्किटं कशावर नेऊ? तुझ्या डोक्यावर?"

एवढा सगळा खटाटोप कशासाठी? तर बाबांसाठी. बाबा म्हणजे हाज बयूमी. मीना अल-बसलच्या कापूस दाबायच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्या यंत्रांच्या धडाक्याने त्यांचे कान खाल्ले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "जे गेलं ते परत येणार नाही. आहे तेही हळूहळू जाईल. बारीक आवाज आधी जातील."

बाबांकडे सात तबकड्या होत्या. त्यांतली एक त्यांची खास. त्यात गाणं सुरू व्हायच्या आधी व्हायोलिनचा एक लांब तुकडा होता. बाबा म्हणायचे, "गाणारीचं मला काही नाही. ती माझ्या डोक्यात पाठ आहे. पण ती व्हायोलिन, ती काही डोक्यात राहत नाहीत. ती ऐकावीच लागतात. तुझी आई ती लागली की कणीक मळायची थांबायची."

घरातल्या जुन्या ग्रामोफोनवर तबकडी फिरायची, पण त्याचा आवाज कधीच बंद पडला होता. म्हणून लुत्फीने मला बनवायला घेतलं. बारीक आवाज जायच्या आत बाबांना ती व्हायोलिन ऐकवायची. एवढंच. माझ्या जन्माचं कारण एवढंच होतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. ते लुत्फी विसरला याचाच मला संताप येतो.

मी तयार झालो त्या आठवड्यात बाबा आपल्या बहिणीकडे रशीदला गेले होते. रविवारी परतणार होते. लुत्फीने विचार केला, बाबांना ऐकवण्याआधी एखाद्या जाणकाराला ऐकवावं. इथेच माशी शिंकली.

शुक्रवारी दुपारी त्याने उस्ताद मीलादना बोलावलं. उस्ताद म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. सगळा मोहल्ला म्हणायचा, मीलादच्या कानाला फसवणारा रेडिओ अजून बनायचाय. लुत्फीने तबकडी लावली. माझे व्हॉल्व्ह केशरी तापले होते. सुई टेकली, आणि मी व्हायोलिन सोडली.

बढाई मारत नाही. पण मी त्या दिवशी जसा वाजलो तसा पुन्हा कधी वाजलो नाही. मागे आवाज नाही, खरखर नाही, काही नाही. विहिरीत पाणी स्वच्छ असलं की तळ दिसतो ना, तसं. उस्तादांनी डोळे मिटले. तुकडा संपला तेव्हा त्यांनी हळूच रुमाल काढून नाक पुसलं. मग मेजाच्या लाकडाला हात लावला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले,

"हं. ठीक आहे. मागे जराशी घरघर आहे. आणि आवाज थोडा जाडाभरडा आहे."

घरघर? माझ्यात? मी ओरडून सांगणार होतो, पण तबकडी संपली होती. ॲम्प्लिफायरला स्वतःचं बोलता येत नाही हो!

उस्ताद जिना उतरले तसा लुत्फीचा चेहराही उतरला. इन्साफ हसत म्हणाली, "अरे वेड्या, दृष्ट लागू नये म्हणून बोलले ते. चांगल्या गोष्टीला तोंडावर चांगलं म्हणतं का कुणी?"

"उस्तादांचे कान खोटं बोलत नाहीत."

"कान नाही बोलले रे, तोंड बोललं. तोंडाला काय लागतं खोटं बोलायला?"

"आवाजाच्या बाबतीत ते खोटं बोलणार नाहीत, ताई. माझ्या जागी शिकलेला माणूस असता तर त्याने विचारलं असतं. मी काय विचारणार?"

बाळाच्या गालाला आई काजळाची तीट लावते, तशी उस्तादांनी मला शब्दांची तीट लावली होती. आणि हा पठ्ठ्या ती तीट घासून काढायला बसला! बाबा रविवारी रशीदहून आले, तेव्हा मी चाळीस तुकड्यांत मेजावर पसरलो होतो.

"झालं का रे?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी, बाबा. थोडी घरघर आहे."

"असू दे की. लाव."

"नको. तुम्हाला अर्धवट नाही ऐकवणार."

लुत्फीने धीर करून एकदा उस्तादांच्या दुकानात जाऊन विचारलंही. तो परत आला आणि इन्साफला सांगू लागला तेव्हा मला कळलं. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. लुत्फीने विचारलं, "उस्ताद, खरंच होती का घरघर?" उस्तादांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "होती, होती. थोडीशी."

"बघ," इन्साफ म्हणाली, "दहा डोळ्यांसमोर ते काय 'नव्हती' म्हणणार होते?"

पण लुत्फीला ते 'होती' पुरलं. महिन्याभरात उस्तादांनी दुकान बंद केलं आणि ते लेकीकडे अस्यूतला राहायला गेले. आता विचारायलाही कुणी उरलं नाही.

त्यानंतरची तीन वर्षं कशी सांगू? आधी त्याने माझे कंडेन्सर बदलले. मग तारा उलट्या बाजूने नेल्या. मग ट्रान्सफॉर्मर उपटून आडवे बसवले. मग तांब्याच्या पत्र्याची भिंत घातली. मग ती काढली, कारण एका मासिकात वाचलं की अशी भिंत आवाज मारते. व्हॉल्व्ह तर किती जोड आले नि गेले, मला त्यांची ओळखसुद्धा व्हायची नाही. दर वेळी लुत्फी कान माझ्याजवळ आणायचा, श्वास रोखायचा आणि म्हणायचा, "आहे. अजून आहे."

नव्हती रे! सुरुवातीला खरंच नव्हती. पण माणसाने ऐकायचंच ठरवलं की त्याला भिंतीतही ऐकू येतं.

आणि मग तिसऱ्या की चौथ्या उघडझापीनंतर ती आली. खरी. जमिनीला जोडायची तार त्याने चुकीच्या जागी नेली आणि माझ्या पोटात एक घरघर बसली, ती आजतागायत. मी लाजेने मेलो. लुत्फीचा चेहरा मात्र उजळला. "बघ ताई! उस्ताद बरोबर होते!"

इन्साफने हातातली कात्री मेजावर आपटली. "उस्ताद बरोबर नव्हते. तू त्यांना बरोबर केलंस."

इकडे बाबांचे कान जात होते. आधी शेजारच्या घरातला कॅनरी पक्षी गेला. म्हणजे पक्षी होता, त्याचं गाणं बाबांपुरतं गेलं. "मेला वाटतं बिचारा," बाबा म्हणाले. मग दाराची घंटा गेली. मग चहाच्या किटलीची शिट्टी. किटली करपून काळी झाली, तेव्हा इन्साफने ती तशीच लुत्फीपुढे ठेवली.

"हे बघ. तुझी घरघर तुला ऐकू येते. ही ऐकू येत नाही?"

लुत्फीचे डोळे भरले. पण हात? हात सोल्डरिंग गनकडेच गेले. "एवढा एक जोड बदलतो ताई, मग लावतोच."

मी काय करणार? एकदा रागाने फ्यूज उडवला. त्यात त्याला दोन आठवड्यांचं नवीन काम मिळालं. तेव्हापासून राग गिळायला शिकलो.

यंदाच्या वसंताच्या सणाला, शम्म अन्-नसीमच्या दिवशी सकाळी, दारात उस्ताद मीलाद उभे राहिले. हातात खारवलेल्या माशांचं पुडकं. ते सणापुरते गावात आले होते. मासे, कांदे, भाकरी, सगळं मांडलं गेलं. उस्तादांनी पहिला घास घेतला आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हे काय? हा तो नाही. तो कुठाय?"

"तोच आहे, उस्ताद," लुत्फी म्हणाला. "घरघर काढतोय. तुम्ही म्हणाला होतात ना."

उस्तादांचा हात हवेतच राहिला. "मी? कोणती घरघर?"

लुत्फीने सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पडत गेला.

"पोरा, ती व्हायोलिन लागली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. घरी जाऊन बायकोला सांगितलं, कर्मूझमध्ये एका पोराने सोनं घडवलंय. आता असल्या वस्तूला तोंडावर देखणी म्हणून मी तिची माती करू? लहानपणी तुझी आई तुला काय हाक मारायची?"

उत्तर इन्साफने दिलं. "काळं माकड."

"मग! तेव्हा काय साबण घेऊन अंग घासत बसला होतास?"

कुणी हसलं नाही. लुत्फी भिंतीसारखा पांढरा पडला. मग त्याने तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता तरी हा शहाणपणाचं बोलेल.

"मी सगळं होतं तसं करतो. पहिल्यासारखं. फक्त दोन महिने द्या."

माझे व्हॉल्व्ह थंड होते, नाहीतर तिथल्या तिथे फुटले असते.

बाबा इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "काय झालं? कुणी वारलं का?"

इन्साफ त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडून सांगितलं, "ॲम्प्लिफायर पहिल्यापासून चांगला होता, बाबा! घरघर नव्हतीच!"

बाबांनी मान हलवली. उठले. कपाटातून ती तबकडी काढली, बाहीने पुसली आणि लुत्फीच्या मांडीवर ठेवली.

"लाव."

"बाबा, आता खरी घरघर आहे—"

"लाव म्हटलं ना!"

लुत्फीने मला चालू केलं. मी तापलो, माझी घरघर खोलीभर पसरली. उस्तादांनी मान खाली घातली. सुई टेकली. मी माझ्याकडे होतं नव्हतं तेवढं सगळं व्हायोलिनमध्ये ओतलं. बाबा माझ्यापुढे खुर्ची ओढून बसले होते, चेहरा पुढे काढून, खिडकीतून कुणाची वाट बघावी तसे.

"सुरू झालं का?" त्यांनी विचारलं.

व्हायोलिन ऐन भरात होती.

"ढोलक कळतंय थोडं," बाबा म्हणाले. "व्हायोलिन यायची आहेत ना अजून?"

मला सांगा, यापेक्षा मोठी शिक्षा ॲम्प्लिफायरला काय असेल? बटण शेवटपर्यंत फिरवलं असतं तरी मी ती व्हायोलिन त्या कानात पोचवू शकलो नसतो.

तेव्हा लुत्फी उठला. मला वाटलं, पुन्हा पेचकस घेतो. पण तो बाबांच्या मागे गेला, खाली वाकला, बाबांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि गाऊ लागला. शब्द नाहीत, नुसती व्हायोलिनची चाल. जाड्या, खालच्या पट्टीतल्या आवाजात, जो बाबांच्या कानात अजून शिरायचा. जो पोरगा गिऱ्हाइकाशी नजर वर करून बोलत नाही, तो सगळ्यांसमोर, खारवलेल्या माशांच्या वासात, चुकत, अडखळत गात होता. तबकडी पुढे जात होती, तो मागे पडत होता, पुन्हा धावून गाठत होता.

बाबा निश्चल बसले. मग म्हणाले, "फारच बेसूर आहेस रे."

लुत्फी थांबला.

"थांबायला कुणी सांगितलं? पुढे?"

आता रोज संध्याकाळी असंच चालतं. मी ढोलक वाजवतो, लुत्फी व्हायोलिन. मी तीन हजार वेढ्यांचा, निवडक व्हॉल्व्हांचा, आणि माझं खरं काम एका गळ्याने करायचं, ज्याला धड सूर नाही! हे मला अजून पचत नाही, पचणारही नाही. शिवाय लुत्फीची बोटं अधूनमधून माझ्या तारांकडे वळतात, ते मला दिसतं.

म्हणून तुम्हाला विनवतो. तुमच्या घरातही एखादी वस्तू 'अजून थोडीशी' राहिली असेल. राहू द्या. ज्याच्यासाठी मांडलीत त्याला आधी हाक मारा, तो आहे तोवर. आणि कर्मूझला कधी आलात, तर तिसऱ्या मजल्यावर या. माझ्या झाकणाचे चार स्क्रू मेजाच्या खणात, डाव्या कोपऱ्यात आहेत. लुत्फीला विचारू नका. सरळ लावून टाका.