निसटलेली काठी

तबकडीच्या मधोमध चिकटवलेला कागद पांढरा कोरा होता. त्यावर बँडचं नाव नाही, गाण्यांची यादी नाही, फक्त पेन्सिलीनं ओढलेली एक रेघ – आणि ती रेघ फिरत फिरत समोर यायची, जायची, पुन्हा यायची, तेव्हा एमेट कोवालिकला वाटायचं की ही आपल्याकडे एकदा बघते आणि तोंड फिरवते... चौथं गाणं सुरू होतं. पाचव्यांदा.

कारखान्यानं छपाईच्या आधी पाठवलेली ही नमुन्याची तबकडी. बँडमधल्या तिघांनी ती एकेक दिवस घरी नेऊन ऐकायची, कुठे खरखर आहे का, कुठे सुई उडते का ते बघायचं, आणि तिघांनी हो म्हटलं की पाचशे तबकड्या छापायच्या. मार्नीनं ऐकली होती. जोएलनं ऐकली होती. आज रविवार, एमेटची पाळी, आणि दुपारी एकला मार्नीला उत्तर द्यायचं होतं.

खरखर कुठेच नव्हती. खरखर असती तर बरं झालं असतं.

आता येईल ती जागा – मार्नीचा आवाज वर चढतो, गिटार थांबते, आणि ड्रमच्या दोन ठोक्यांच्या जागी काहीच नाही, जिन्याची पायरी अंधारात सापडू नये तशी पोकळी, आणि मग धाडकन सगळं पुन्हा सुरू... किती सुंदर पडली होती ती पोकळी. कुणाच्या तरी हातून खरंच काठी निसटली असावी अशी. पण कुणाच्या?

तीन वर्षांपूर्वी ती निसटली होती त्याच्याच हातून. जोएलच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये, बाहेर गवत कापायचं यंत्र घरघरत असताना, त्यांनी पहिली कॅसेट भरली. घामानं काठी सुटली, दुसरी उचलेपर्यंत दोन ठोके गेले. टेप संपत आली होती, म्हणून चूक तशीच राहिली. त्या शंभर कॅसेट टोलेडो शहरभर फिरल्या, आणि मग कार्यक्रमात लोक त्या जागेला गप्प व्हायला लागले. शंभर-दीडशे माणसं श्वास रोखून बसायची, त्याच्या चुकीसाठी. पुढच्या चार गाण्यांच्या छोट्या तबकडीत त्यानं ती जागा ठोक्यांनी नीट भरून काढली, तर ऐकायला येणाऱ्या पोरांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही गाणं बिघडवलंत.

म्हणून या मोठ्या तबकडीत ती चूक हवीच होती. पण चूक मुद्दाम कशी करायची? डेट्रॉइटच्या स्टुडिओत त्यानं अकरा वेळा केली. अकराही वेळा ती ठरवून केल्यासारखी वाजली, खोटं हसल्यासारखी. शेवटी काचेपलीकडून ध्वनिमुद्रण करणारा लाइल म्हणाला, छान झालं, आता कॉफी पिऊ. छान झालं म्हणताना त्यानं वर पाहिलं नव्हतं – हे तेव्हा जाणवलं होतं की आत्ता, सुई उचलताना, मी ते जोडून घेतोय?

त्यानंतरच्या सोमवारी एमेट टायरच्या दुकानात कामावर होता. मार्नी आणि जोएल मात्र डेट्रॉइटलाच राहिले, गाण्याचा आवाज भरायला. ड्रम तिथेच मांडलेले होते. शनिवारी ते आणायला गेला तेव्हा त्याचं स्टूल चार बोटं खाली होतं. त्या स्टुलाचा आटा झिजलाय, ते आपोआप खाली बसतं, हे खरं... पण चार बोटं? मार्नी त्याच्यापेक्षा चार बोटांनीच बुटकी होती. आणि ड्रम त्याला शिकवले होते मार्नीनंच, शाळेत असताना, चर्चच्या तळघरात, खुर्च्यांच्या गाद्यांवर काठ्या आपटून.

कव्हरच्या मागच्या बाजूचा मजकूर टेबलावर पडला होता. ड्रम – एमेट कोवालिक. त्याखाली – गिटार, गाणं आणि बाकी सगळं – मार्नी हॉल्स्टेड. गेल्या आठवड्यात या 'बाकी सगळं'वर तिघंही हसले होते. सगळ्यात मोठ्यानं तोच.

कोपऱ्यावरच्या खानावळीत मार्नी आधीच येऊन अंडी आणि तळलेले बटाटे खात होती. खरखर लागली का, तिनं विचारलं. तो नाही म्हणाला.

"मग तोंड का असं? हवा गेलेल्या टायरसारखं."

"चौथं गाणं," तो म्हणाला. "ती जागा. अकरातली कितवी घेतली?"

तिनं बटाट्यांवर केचप ओतलं. बाटली उलटी धरून बुडावर थापट्या मारल्या, एक, दोन, तीन, आणि तेवढ्यात तिला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला, असं त्याला वाटलं.

"सातवी असेल. लाइलला विचार. तू त्या दिवशी घामानं अंघोळ केली होतीस, तुला काय आठवणार आहे, लेका."

सातव्या वेळी काठी घरंगळत मोठ्या ड्रमखाली गेली होती आणि त्यानं जोरात शिवी हासडली होती. की ती आठवी? शिवी कापून टाकता येते. लाइलला काहीही कापता येतं, जोडता येतं... मग कशाला मी? मग शुक्रवारी क्लीव्हलंडच्या कार्यक्रमाला कशाला नेताय मला?

"काय विचारायचंय ते विचार ना," मार्नी म्हणाली. काटा तिनं खाली ठेवला होता.

विचारलं नाही. ती 'मीच वाजवलं' म्हणाली असती तर त्याला उठून जावं लागलं असतं, आणि 'तूच वाजवलंस' म्हणाली असती तर त्यानं विश्वास ठेवला नसता. दोन्हीकडून बंद अशा त्या प्रश्नाभोवती तो कॉफीत चमचा फिरवत राहिला.

"हो कळवू का कारखान्याला?"

"कळव."

तिनं त्याच्यासमोरच फोनवर दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. इतकं पटकन. मग पुन्हा काटा उचलून, तोंडात घास असतानाच, सहज म्हणाली, "शुक्रवारी अगदी असंच वाजव."

असंच. सकाळपासून तो त्या पोकळीत दुसऱ्याचा हात शोधत होता. आता पहिल्यांदाच त्याला वाटलं, की तो आपलाच असला तर? बाराव्यांदा वाजवलंच नव्हतं, म्हणजे अकरातच कुठेतरी, कसं ते न कळता, एकदा ते खरं उतरलं आणि आपण ते ओळखलंही नाही – तर शुक्रवारी ते आणायचं कुठून? मार्नीनं वाजवलं असेल तर ती दाखवेल तरी, पूर्वी दाखवलं तसं, रागावून, हात धरून. पण मीच वाजवलं असेल तर शिकायचं कुणाकडून...

तिनं बटाट्यांची थाळी त्याच्याकडे सरकवली. तो तिच्या मनगटाकडे बघत राहिला, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात तिला विनवतो आहोत – तूच असशील, मार्नी, तूच असू दे.