ढब्ब्याचं पोट आणि दोन मजले

ढब्ब्या सकाळी जिना उतरून दुकानात आला, माझ्याकडे अपराध्यासारखं पाहिलं आणि लाकडाच्या भुशावर ओकला. मग मागच्या दारी जाऊन बसला, उठला, परत बसला. जे बाहेर पडत होतं ते नुसतं पाणी. मी हातातली करवत खाली ठेवली. माणसाचं पोट बिघडलं तर तो निदान बोंबलतो तरी. हे मुकं जनावर शेपूट पायांत घालून नुसतं बघत राहिलं.

मी फोटोंच्या चौकटी करतो. तळमजल्यावर पुढे दुकान, मागे आमच्या दोन खोल्या. वर माझा धाकटा भाऊ एकटा राहतो, लग्नाच्या भानगडीत पडलाच नाही. पूर्वी दुकान दोघांचं होतं. मग त्याला शाळेची बस चालवायचं खूळ लागलं. तेव्हा आमची अशी जुंपली की अजून अबोला आहे. चूक कोणाची ते मला विचारू नका, माझं उत्तर ठरलेलं आहे. कुत्रा मात्र दोघांचा, कारण तो भांडणाच्या आधी आणलेला. दुपारी खाली झोपतो, संध्याकाळी वर जातो, दोन्हीकडे लाड करून घेतो.

हा अबोला इतका सुरळीत चालला तो माझ्या बायकोच्या जिवावर. टाकी भरली का, कुत्र्याला फिरवलं का, सगळे निरोप तिच्या तोंडून वर जायचे आणि तिच्याच तोंडून खाली यायचे. आता ती मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि आम्ही दोघे खरोखरचे मुके झालो होतो.

ढब्ब्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण आहेत, पण धाक वाटतो. त्यांनी पोट दाबून पाहिलं. "काहीतरी शिळंपाकं हाणलंय. आज काही खायला घालू नका. पाणी थोडं थोडं. उद्या मऊ भात, मीठ नाही, तेल नाही. आणि हे औषध दोन वेळा द्या, जुलाब थांबतील."

औषध दिलं. अर्धं त्याच्या पोटात, अर्धं माझ्या बाहीवर. पण कामात लक्ष लागेना. एका मोठ्या फोटोची पट्टी आखूड कापली, म्हणून दुसरी घेतली, तीही आखूड कापली. काच पुसायला घेतली की मागे जाऊन बघायचं, तो आहे ना, श्वास घेतोय ना. बसलो की उठावंसं वाटे आणि उठलो की कुठे जायचं तेच कळेना.

संध्याकाळी धाकटा आला आणि ढब्ब्या सवयीने वर निघाला. आता वर त्याला काही खायला मिळू नये, हे सांगायचं कसं? मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात ढब्ब्याला म्हणालो, "वर काही मिळालं तरी खायचं नाही हं. डॉक्टरांनी औषध दिलंय." वर रेडिओ लागला होता. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. पण माझं कर्तव्य झालं असं मी मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा कामावर गेल्यावर ढब्ब्या खाली आला, तो पायऱ्या चुकत आला. मी सकाळचं औषध पाजलं. आदल्या दिवशी तोंड फिरवत होता, आज त्याने विरोधसुद्धा केला नाही. थोड्या वेळाने दारातच आडवा झाला. पोट टम्म फुगलेलं. हाक मारली तर कान हलेना. तसाच त्याला उचलला, आणि त्याचं नाव उगाच ढब्ब्या नाही पडलेलं, पण त्या दिवशी वजन कळलं नाही.

डॉक्टरबाईंनी त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या. "याला आणखी काय दिलंत?"

"तुमचंच औषध."

"घरात दुसरं कोण असतं?"

"कोणी नाही." मग मी म्हणालो, "म्हणजे, वर भाऊ असतो."

"विचारा त्यांना."

"आमचं बोलणं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला दुकानात जाऊन भुशात तोंड लपवावंसं वाटलं. "याचं आतडं हलत नाहीये. याला कोणतं तरी औषध जास्त झालंय. कोणतं ते कळल्याशिवाय मी अंदाजाने सुई टोचली आणि उलटी पडली तर कुत्रा हातचा जाईल. भाऊ कुठे आहे ते तुम्ही शोधा. मी सलाईन लावते."

मी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. मागे बाळ रडत होतं. "दिराला फोन कर आणि विचार, कुत्र्याला काय दिलं."

"मी नाही करणार."

"अगं, ढब्ब्या मरायला टेकलाय."

"मग तर तुम्हीच करा. तोंड काय फक्त जेवायला दिलंय?" आणि तिने फोन ठेवला. नेमक्या अशा वेळी बायकोला तत्त्वं सुचतात.

मग धाकट्यालाच लावला. नुसताच वाजत राहिला. बस चालवताना तो फोनला हात लावत नाही. गाडी चालवायला मीच शिकवलं त्याला आणि ही शिस्तही मीच लावली, आता कोणाला बोलणार?

शाळेपर्यंत पळालो म्हणण्यापेक्षा धापा टाकत गेलो. बालवर्ग सुटायची वेळ होती. गेटासमोर बस उभी, दारात दप्तरांची गर्दी, आणि तो स्टिअरिंगमागे बसून पोरं मोजत होता. मी त्याच्या खिडकीची काच ठोकली. त्याने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काच सरकवली.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

मी त्याच्याशी बोलायला आलोय म्हणजे घरात कोणीतरी गेलंच असणार, असं त्याने धरलं होतं. एरवी मला राग आला असता. पण फार वाईट वाटलं.

"कोणी नाही गेलं," मी म्हणालो. "ढब्ब्याला काय दिलंस?"

"गोळी. जुलाब थांबायची. मी माझ्यासाठी आणतो ती."

"किती?"

"रात्री एक. सकाळी निघताना आणखी एक. आणि दूध."

"दूध कशाला?"

"भुकेला होता रे. दिवसभर तू काही घातलं नव्हतंस त्याला."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं उपाशी ठेवायला. जिन्यात ओरडून सांगितलं की मी."

"कुत्र्याला सांगितलंस," तो म्हणाला. "मला नाही."

त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यावरची अक्षरं मुंगीएवढी आणि माझा चष्मा दुकानात. मी डॉक्टरबाईंना फोन लावून त्याच्या हातात दिला. त्याने खिडकीतून नाव वाचलं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. पलीकडून बाई इतक्या मोठ्याने बोलल्या की मलाही ऐकू आलं. "माणसाची गोळी कुत्र्याला? तीही माझ्या औषधावर? दोघांनी मिळून एका पोटाची पार वाट लावलीत. या आता, इथे येऊन बसा दोघंही."

मी लगेच परत गेलो. पोरं घरोघरी सोडून धाकटा तसाच गणवेशात आला. बाकावर मी एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. मी उठून दारातून डोकावायचो, मी बसलो की तो उठायचा. "एका जागी बसा हो," आतून आवाज आला. मी बसलो आणि हिशेब लावत राहिलो, की हा कुत्रा गेला तर आमच्यात उरणार काय? पाण्याची टाकी. बायकोच्या तोंडून टाकीचे निरोप पाठवत आम्ही दोघं म्हातारे होणार. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

ऊन उतरता उतरता ढब्ब्याने पाय झाडले, मान उचलली आणि टेबलावरच सगळं मोकळं केलं. डॉक्टरबाई हसल्या. एवढ्या घाणीकडे बघून मी आयुष्यात कधी इतका खूश झालो नव्हतो. धाकट्याने डोळे पुसले आणि मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

निघताना बाईंनी दम दिला. "औषध एकानेच द्यायचं. भात एकानेच घालायचा. आणि शी कशी होते ते एकमेकांना सांगायचं, कुत्र्याला नाही."

तेव्हापासून सकाळी मी फिरवायचो, संध्याकाळी तो. मी परत आलो की तो जिन्यात बुटाच्या नाड्या बांधत विचारायचा, "कशी?" मी म्हणायचो, "पातळ." संध्याकाळी मी विचारायचो, तो म्हणायचा, "चिकट." पुढे वाक्यं लांबली. पातळ होती, पण कालच्यापेक्षा बरी. भात जरा फडफडीत झाला का? पाणी जास्त घाल. एकदा भात शिजेपर्यंत तो दुकानात थांबला आणि मी खिळे मारताना न सांगता काच धरून उभा राहिला. त्याच्या हाताला अजून सवय होती. मात्र कुत्र्याच्या शीखेरीज जगातल्या कुठल्याच विषयावर आम्ही बोललो नाही.

मग एका सकाळी ढब्ब्याने अगदी छान केली. घट्ट, बांधीव, नाव ठेवायला जागा नाही. मी ती बघत उभा राहिलो आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धास्ती वाटली.

परत आलो तेव्हा धाकटा जिन्यात बसला होता. "कशी होती?"

छान म्हणालो असतो, तर तो बरं झालं म्हणाला असता, उठला असता आणि बसवर गेला असता. संपलं असतं.

"जरा पातळच वाटली," मी म्हणालो.

ढब्ब्या तेवढ्यात धाकट्याचा एक बूट तोंडात धरून वरखाली उड्या मारत होता. धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो," तो म्हणाला. "काल संध्याकाळी मलाही तशीच वाटली."

काल संध्याकाळची तर तो कामावरून यायच्या आधीच मागच्या दारी झाली होती आणि मीच उचलली होती. तीही काही पातळ नव्हती.

"मग भात चालूच ठेवू," तो म्हणाला.

"ठेवू," मी म्हणालो.