उम्म सुवैदच्या बागेतली पोय

खल्लादने वाडग्यातला पांढरा तुकडा तोंडात टाकला आणि सुखाने डोळे मिटले. खजुरीच्या शेंड्यातला कोवळा गाभा काही रोज खायला मिळत नाही. वादळात एखादं झाड पडलं तरच त्याचा योग. दुसरा तुकडा उचलता उचलता मात्र त्याचा हात थांबला.

“हा आला कुठून?”

कब्शाने, त्याच्या बायकोने, मक्केहून आलेल्या नौफलकडे पाहिलं. नौफल हसत होता. दिवसभर उन्हात राबून त्याचा चेहरा भाजला होता आणि तळहातांना फोड आले होते.

“आपल्याच बागेतला,” तो म्हणाला. “विहिरीपाशी एक झाड होतं ना, वांझ? मी आलो तेव्हापासून बघतोय. बाकीची झाडं घडांनी वाकलेली, आणि हे पठ्ठं नुसतं पाणी पीत उभं. आज तुम्ही दोघं बाहेर होता, म्हटलं आडवं करून टाकावं. खोड छपराला कामी येईल.”

“आणि त्याच्या पोयी?” खल्लादने हळूच विचारलं. “शेंड्याला फुलांच्या पोयी आल्या होत्या, मिटलेल्या.”

“त्या शेळ्यांना घातल्या. काय आवडीनं खाल्ल्या म्हणून सांगू!”

कब्शाने हातातली भाकरी खाली ठेवली.

“भावजी, तो नर होता.”

“कोण?”

“ते झाड.”

नौफलने एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. दोघं आपली चेष्टा करताहेत असंच त्याला वाटलं. मक्केच्या त्या उघड्याबोडक्या खोऱ्यात जन्म गेलेला माणूस. त्याला उंट कळत, कातडं कळे, समोरच्या गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे तेही कळे. झाडांत नर-मादी असते हे त्याला कोण सांगणार?

“तुझ्या उंटणींच्या कळपात एकच नर होता,” खल्लाद म्हणाला, “आणि कोणी प्रेमाने त्याचा रस्सा करून तुलाच वाढला, तर तू काय म्हणशील?”

नौफलने वाडग्याकडे पाहिलं. मग त्याला कळलं. त्याचा चेहरा असा काही झाला की कब्शाला राग यायच्या आधी हसूच आलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली, आणि आतून बराच वेळ तिचं हसणं ऐकू येत राहिलं. खल्लादही हसला. रडण्यापेक्षा ते बरं होतं.

पण हसून घड धरत नाहीत. खजुरीच्या मादीची पोय उकलली की नराच्या फुलांच्या दोन-चार काड्या तिच्यात खोचून बांधाव्या लागतात. तेवढं केलं नाही तर फळ म्हणून जे येतं ते बकरीही हुंगून सोडते. आणि खल्लादच्या झाडांच्या पोयी उकलायला लागल्या होत्या. या बागेवर आता दोन घरं होती. पैगंबरांनी मक्केहून आलेल्या एकेका माणसाला इथल्या एकेकाचा भाऊ करून दिलं होतं, तेव्हा नौफल आणि त्याची बायकोमुलं खल्लादच्या वाट्याला आली. खल्लाद अर्धी बाग तोडून द्यायला निघाला होता. नौफल नको म्हणाला. मी राबेन, पीक वाटून घेऊ, एवढंच बोलला. तेव्हापासून तो राबतच होता, आणि आज जरा जास्तच राबला होता.

दुसऱ्या दिवशी खल्लाद आपल्या साऱ्या भाऊबंदांच्या बागा फिरून आला. त्या वर्षी थंडी लांबली होती. सगळ्यांचे नर अजून मुठी आवळून बसले होते.

“उघडलेला नर गावात एकच आहे,” परत आल्यावर तो कब्शाला म्हणाला. “काळ्या दगडांच्या माळाला लागून. तिथली जमीन ऊबदार.”

ते झाड कुणाचं हे तिला माहीत होतं. खल्लाद उठून मोटेकडे गेला.

नौफलने तेवढंच ऐकलं. आपण केलेला घोळ आपणच निस्तरावा म्हणून तो सकाळीच उठून गेला, आणि न्याहारीच्या वेळेला अगदी खुशीत परत आला.

“मिळणार!” तो दारातूनच ओरडला. “म्हातारी फार चांगली आहे. मला सातूचं पाणी दिलं. कुणाच्या बागेला हवंय म्हणून विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. मग म्हणाली, देते, पण खल्लादने स्वतः यावं आणि स्वतः चढून काढावं. दुसऱ्या कुणाला झाडाला हात लावू देणार नाही.”

खल्लादने हातातला दोर खाली ठेवला.

“भावजी,” कब्शा म्हणाली, “गाव तिला काय म्हणून हाक मारतो?”

“उम्म सुवैद. सुवैदची आई.”

“सुवैदला यांनी मारलं.”

नौफल दारातच उभा राहिला. औस आणि खजरज या इथल्या दोन जमातींची पिढ्यान्‌पिढ्या चाललेली मारामारी त्यालाही ऐकून ठाऊक होती. शेवटची मोठी लढाई पाच-सहा वर्षांपूर्वीची. पण कुणी कुणाला मारलं याचा हिशेब पाहुण्याला कोण सांगत बसतं? आणि आता तर दोन्हीकडची माणसं नमाजाला खांद्याला खांदा लावून उभी राहत. नमाजाचा शेवटचा सलाम फिरवला की खल्लाद सगळ्यांच्या आधी चपला उचलून का पळतो, हे कोडं मात्र नौफलला आता सुटलं. मागच्या रांगेत बायका असत, आणि त्यांत उम्म सुवैदही.

“तुम्ही जायचं नाही,” कब्शा नवऱ्याला म्हणाली. “माणूस झाडावर असताना खाली कोण उभं आहे यावर सगळं असतं. एक वर्ष उपाशी काढू. मी शेळ्या विकेन.”

“चूक माझी आहे,” नौफल म्हणाला. “मी दुसरीकडे काम बघतो. तुमच्यावर आणखी किती—”

“गप बस,” खल्लाद त्याच्यावर खेकसला. इतक्या महिन्यांत प्रथमच. “भाऊ असा उठून जातो का कुठे?”

मग दोर खांद्यावर टाकून तो कोयता कमरेला खोचायला गेला, थांबला, आणि कोयता भिंतीलाच ठेवून निघाला.

वाटेत त्याला एकच काळजी होती, आणि ती मरणाची नव्हती. हाक कशी मारायची? इस्लाम स्वीकारला की आधीचं सगळं धुऊन निघतं, असं त्याने मशिदीत ऐकलं होतं आणि त्यावर त्याचा विश्वास होता. पण ते अल्लाहच्या दारी. म्हातारीच्या दारात उभं राहून तिला बोलवायचं तर तिच्या लेकाचंच नाव घ्यावं लागणार होतं. तिला दुसरं नाव उरलंच नव्हतं. खल्लादने ते नाव त्या दिवसापासून तोंडातून काढलं नव्हतं.

बागेला फाटक नव्हतं, नुसती दगडांची बुटकी भिंत. आत म्हातारी सुपात सातू निवडत बसली होती. खल्लाद भिंतीबाहेर उभा राहिला. खाकरला. पुन्हा खाकरला. म्हातारीने मान वर केली नाही. तिला ऐकू येत होतं यात शंका नव्हती.

“अस्सलामु अलैकुम,” तो शेवटी म्हणाला.

“वअलैकुम अस्सलाम,” ती सुपाकडे बघूनच म्हणाली. “घशात काही अडकलंय का? केव्हाचा खाकरतोयस.”

“मी खल्लाद.”

“माहीत आहे. कोयता कुठाय?”

“घरी ठेवला.”

“मग काय दातांनी तोडणार? तिथे कोनाड्यात आहे बघ. आणि तुझा दोर नको. तो आखूड आहे, माझं झाड जाड आहे. खुंटीवरचा घे.”

खुंटीवर झाडावर चढायचा जाड दोर होता, खजुरीच्या काथ्याचा, मधे पाठ टेकायला विणलेला पट्टा. तो कुणाचा असणार हे विचारायची गरज नव्हती. खल्लादने तो उतरवला. झाडाभोवती फिरवला, पाठीमागून घेतला, गाठ मारली. माणूस वर गेला की त्याचा सगळा भार या एका दोरावर. म्हणून आमच्याकडे कोणीही तो आधी जमिनीवर उभं राहून दोन्ही पायांनी रेटून, ताणून बघतो. न बघता चढणारा एकतर वेडा नाहीतर दारुडा. पण या घरात, हिच्या डोळ्यांदेखत, हा दोर ताणून बघायचा? खल्लादने बुंध्याला पाय लावला आणि तसाच चढायला लागला.

“अरे थांब!”

म्हातारी सूप टाकून उठली होती.

“ताणून बघ आधी. जुना आहे तो. दरवर्षी तेल लावते मी, पण जुना आहे. मी तुला पाडायला नाही बोलावलं.”

तो खाली उतरला. दोर ताणून बघितला. दोर पक्का होता. त्याला एकदम तिथेच बुंध्याला डोकं टेकून रडावंसं वाटलं, पण ती बघत होती. तो चढला.

वर नराच्या पोयी फुटून पिवळ्या झाल्या होत्या. हात लागताच फुलांतलं पीठ उडालं आणि त्याच्या दाढीवर बसलं. त्याने तीन मोठ्या पोयी तोडून कमरेच्या फडक्यात बांधल्या. त्याच्या बागेला तेवढ्या पुरून उरल्या असत्या. मग सवयीने त्याने चौफेर पाहिलं. म्हातारीची मादी झाडं भिंतीला लागून ओळीने उभी होती. सगळ्यांच्या पोयी उकललेल्या, कोरड्या, एकीतही काडी खोचलेली नाही. खाली मागच्या सालातले घड तसेच लोंबत होते. मण्यांएवढी किरकोळ, बी न धरलेली फळं. कुणी काढायचीही तसदी घेतली नव्हती. गावात सगळ्यात आधी फुलणारा नर हिच्या दारात होता, आणि हिची झाडं अशी.

“तुमच्या झाडांना कोण बांधतं?” त्याने वरून विचारलं.

“कोण बांधणार?”

“भाचा आहे ना तुमचा?”

“आला होता. मी नको म्हटलं.” तिने वर बघितलं. “माझ्या झाडांवर चढायचा एकच माणूस होता. दुसरा कुणी चढलेला मला बघवायचा नाही. आता बघतेय, काय होतंय ते.”

खल्लाद उतरला. पोयी घेऊन तो घराच्या वाटेला लागला नाही. भिंतीजवळच्या पहिल्या झाडाला त्याने दोर गुंडाळला, ताणून पाहिला आणि वर गेला. म्हातारीने नको म्हटलं नाही. तिने सूप उचलून भिंतीजवळ आणलं आणि तिथे बसून सातू निवडायला घेतले.

पहिल्या झाडाला तो चुकल्यासारखा हलक्या हाताने बांधत होता. दुसऱ्या झाडापासून खालून सूचना सुरू झाल्या. एवढ्या काड्या कशाला, उधळायला तुझ्या बापाच्या आहेत का. उलट्या खोच, पीठ खाली झडलं पाहिजे. ती मागची पोय राहिली, दिसत नाही का तुला, की डोळे मक्केच्या पाहुण्याला दिले? खल्लादही वरून उत्तरं द्यायला लागला. खजरजांना झाडं कळतात हो, तुम्ही औस तुमचं बघा. यावर खालून जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऊन चढलं. भिंतीपलीकडे नौफल आणि कब्शा येऊन उभी राहिली होती, धावत आल्यासारखी, आणि आत काय चाललंय ते कळेना म्हणून तशीच उभी होती. वर खल्लादला त्यांचा पत्ताच नव्हता. एका हाताने पोय धरून दुसऱ्या हाताने तो गाठ मारत होता, आणि मारता मारता कमरेला खोचलेल्या, बांधायच्या झावळीच्या पात्या संपल्या. हात सोडावा तर काड्या सुटणार.

“उम्म सुवैद!” त्याने खाली न बघताच हाक मारली. “पात्या संपल्या. चार टाका वर!”

“ओ,” म्हातारी म्हणाली, “आले रे, आले,” आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.