भोग्याची मुदत

मार्चचा शेवटचा शनिवार होता आणि हौसिंग सोसायटीचं ऑफिस चार वाजता बंद होणार होतं. सकाळपासून मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. वारिजा पदराला धरून मागं मागं. अडीच वर्षांची पोर, पण माझा जीव थाऱ्यावर नसला की तिला बरोबर कळतं. रडत नाही, नुसती चिकटते.

आमच्या घरमालकीण राजलक्ष्मीअक्का ओसरीवर मिरच्या निवडत बसल्या होत्या. पुढच्या दोन खोल्यांत त्या एकट्या, मागच्या तीन खोल्यांत आम्ही.

"तंगी, किती येरझारा घालशील? घर बघायला दहाला येतो म्हणालेत, दहाला येतील. स्वल्प बस."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. अक्कांचं घराणं तीनशे वर्षं इथलं, त्यांच्या मराठीला कानडीची फोडणी. मी बेळगावची, मलाही कानडी येतं. तरी पहिल्या दिवशी त्यांनी "ये तंगी" म्हटलं तेव्हा मला वाटलं, हिनं आमची ओढाताण तोंडावरूनच ओळखली. हे तर खो खो हसले. म्हणाले, "दोन्ही भाषांत बरोबर नाव ठेवलंय तुझं."

चामराजपेठेतलं हे घर आम्ही भोग्यानं घेतलं होतं. बंगळूरला ही पद्धत सर्रास आहे, पण कॉलेजात अर्थशास्त्र शिकताना मला तिचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. मालकाला एकरकमी पैसे द्यायचे, ठरलेली वर्षं बिनभाड्यानं राहायचं, मुदत संपली की पैसे जसेच्या तसे परत घ्यायचे आणि निघायचं. त्यांना व्याज नाही, आपल्याला भाडं नाही. आम्ही चार हजार दिले होते. त्यात माझ्या पाटल्या होत्या, गोठ होते, आणि बाकीचं यांनी कारखान्यातून काढलेलं कर्ज. त्याचा हप्ता अजून पगारातून कापला जायचा. तरी हे चारचौघांत सांगायचे, "अख्ख्या बंगळूरात फुकट राहणारा मी एकटा शहाणा!" माझ्या सासऱ्यांनी, भीमाचार्यांनी, धारवाडहून तेव्हाच कार्ड टाकलं होतं: भोग्य आहे का भोग आहे, ते मुदत संपताना कळेल.

आमची मुदत पाडव्याला संपत होती. पैसे परत आले की सोसायटीत भरायचे आणि बनशंकरीच्या देवळाकडे तीस बाय चाळीसची साइट, म्हणजे घरापुरता जमिनीचा तुकडा, घ्यायची, असं मी ठरवलं होतं. मी ठरवलं होतं, कारण यांना घराची ओढ मुळीच नाही. "तिथं कोल्हे ओरडतात," म्हणायचे. "नळ नाही, बस नाही. जमिनीत पैसे पुरून वर आपण उपाशी बसायचं, याला बचत म्हणतात का?" माझे वडील शाळामास्तर. सात गावं, नऊ घरं. दर वेळी निघायच्या दिवशी आई चूल सारवून ठेवायची, पुढं येणाऱ्या बाईसाठी. त्या नऊ चुली यांना कशा समजवायच्या?

आज पैसे भरले नाहीत तर साइट यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. झेपत नसेल त्याच्यासाठी वीस बाय तीसची हाफ साइट होती, निम्म्या पैशांत, पण त्याही थोड्याच उरल्या होत्या. यांचं म्हणणं, "हाफ साइट म्हणजे मोटारीचं शेड. आणि मोटार कुठाय?"

आता अक्कांकडे चार हजार कुठून असणार? आमचे पैसे आले त्याच वैशाखात त्यांच्या मुलीचं, मथुराचं, लग्न झालं. बँड होता, पाच पक्वान्नं होती, चिकपेटेतून अकरा साड्या आल्या होत्या. अक्कांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "पैसा काय लोणचं आहे, बरणीत घालून ठेवायला?" म्हणायच्या. भोग्याचे पैसे परत येतात ते एकाच वाटेनं. पुढचं बिऱ्हाड पैसे देतं, तेच मालकीण मागच्या बिऱ्हाडाला देते. म्हणून घर दाखवायला मालकिणीपेक्षा मागच्या बिऱ्हाडालाच घाई.

महिनाभर मी घर दाखवत होते. एका कारकुनानं स्वैपाकघर वितीनं मोजलं आणि तोंड वाकडं केलं. एका म्हातारबुवांना दक्षिणेकडचं दार चालेना. एक जोडपं तर मला वाटतं नुसतं रविवार घालवायला आलं होतं.

आणि भिंत. निजायच्या खोलीतली पश्चिमेची भिंत. शेजारच्या कौलांचं सगळं पाणी तिच्यावर. श्रावण लागला की खालून वर काळपट डाग चढायला लागायचा, आणि दिवाळीपर्यंत अंथरुणाला, कपड्यांना, वारिजाच्या केसांनासुद्धा कुबट वास. दोन पावसाळे तिची छाती घरघरत होती. मी तिला उभी खांद्यावर घेऊन बसायचे आणि तिचे श्वास ऐकायचे, एक आत गेला की तो बाहेर येईपर्यंत माझा अडकलेला. डॉक्टर म्हणाले, आधी घर बदला. अशा वेळी अक्का पानओव्याचा रस घेऊन यायच्या, पोरीचे तळपाय चोळत बसायच्या. वाईट बाई नव्हे ती. भिंत दुरुस्त करायला मात्र तिच्याजवळ कधी पैसे नसायचे.

आता उन्हाळ्यात भिंत कोरडी होती आणि नुकताच चुना मारला होता. "तंगी, भिंतीचं काही बोलू नको," अक्का म्हणाल्या होत्या. "भिंत आता गप्प आहे ना? मग तू पण गप्प राहा." आणि आदल्या दिवशी दुपारी मीच कपाट ओढून त्या कोपऱ्यात नेलं, जिथं गिलावा अजून फुगलेला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं.

दहाला ती दोघं आली. तानूबाई आणि मालोजी. ती माझ्याहून लहान, कडेवर सात-आठ महिन्यांचं मूल, डोळे सगळीकडे. तो गिरणीत कामाला. पायातल्या वहाणा काढून ओसरीच्या कडेला टेकला, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. देवनहळ्ळीकडची वाटणीची जमीन विकून आलेले पैसे त्यात होते, हे त्यानंच पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं. तानूबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पिशवी पोटाशी ओढून घेतली.

"पाणी?" तिनं विचारलं.

"सकाळी दोन तास, संध्याकाळी एक," मी म्हणाले.

"दूध?"

"समोरच गोठा आहे. डोळ्यांदेखत काढून देतो."

"डोळ्यांदेखतच पाणी घालत असेल," ती म्हणाली. अक्का हसल्या. मीही हसले.

ती चूल बघून आली, न्हाणी बघून आली. निजायच्या खोलीत खिडकीची खिट्टी नीट लागेना. दोन्ही हात हवेत म्हणून तिनं खांद्यावरचं धडपं जमिनीवर पसरलं आणि मुलाला त्यावर ठेवलं. बरोबर त्या भिंतीशी. मूल कुशीवर वळलं आणि चुन्यावर हात फिरवायला लागलं.

तीन वर्षांपूर्वी मी घर बघायला आले तेव्हा याच खोलीत आधीची बिऱ्हाडकरीण होती. भिंतीशी तिनं गाद्यांचा ढीग रचला होता आणि स्वतःचं मूल मांडीवरून खाली म्हणून उतरू दिलं नव्हतं. "भाग्याचं घर आहे हो," म्हणाली होती. तेव्हा मला तिसरा महिना होता. ती माझ्या पोटाकडे बघून बोलत होती, एवढं मला आठवतं.

"त्याला तिथं नका निजवू," मी म्हणाले.

तानूबाई वळली. "का?"

"मुंग्या असतात," अक्का झटकन म्हणाल्या.

"मुंग्या नाहीत," मी म्हणाले. "ओल येते. आता दिसत नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत."

वारिजानं माझ्या गुडघ्याला मिठी मारली. तानूबाईनं मूल उचललं, भिंतीवर तळवा ठेवला, मग नाक लावून हुंगलं. कपाटामागं वाकून बघितलं.

"हिला त्रास होतो?" तिनं वारिजाकडे हनुवटी केली.

"दमा."

ती जाणार हे मी धरून चालले. साइट गेली. आणि आणखी एक पावसाळा, पोरीला खांद्यावर घेऊन. तानूबाईनं धडपं झटकलं, घडी घातली आणि शांतपणे म्हणाली, "मग चार हजार कशाचे मागता? तेहतीसशे."

"काय?" अक्का ओरडल्या.

"ओल कुठल्या घरात नाही, अक्का? आम्ही आता राहतो तिथं पाणी वरनं गळतं, इथं बाजूनं येतंय. मधल्या खोलीत निजू आम्ही. पण एक खोली चार महिने बंद, तर पैसे पुऱ्या घराचे का म्हणून?"

"नाक दाबून भाव पाडतेस होय ग!"

"तुमची भिंत नाक दाबते, मी नाही."

बाहेरून मालोजी म्हणाला, "आगं, पस्तीसशे दे की."

"तू पिशवी सांभाळ."

पाऊण तास चाललं होतं. अक्कांनी मथुराची शपथ घेतली, नवऱ्याची आठवण काढली, कानडीत दोन शब्द असे बोलल्या की ते मी लिहिणार नाही. तानूबाई तेहतीसशेवरून हलली नाही. भिंतीचं सत्य मी बाहेर काढलं होतं, पण ते आता तिच्या हातात होतं, आणि ती ते भाजीवालीच्या तागडीसारखं वापरत होती. मला राग आला. मग हसू येईलसं वाटलं. मग परत घड्याळाकडे बघितलं.

शेवटी अक्का मला न्हाणीच्या बोळात घेऊन गेल्या.

"झालं समाधान? खरं बोलून घेतलंस?"

"तिनं पोराला तिथंच ठेवलं हो, अक्का."

"मी बघितलं." त्यांनी पदरानं मान पुसली. "सरी, ठीक आहे. पण तंगी, ती तेहतीसशे देणार, तर मी तुला तेहतीसशेच देणार. माझ्याकडे दुसरं काही नाही. बाकीचे दसऱ्याला. नको असेल तर राहा. तुझ्या कागदावर चार हजार आहेत, ते पुरे मिळेपर्यंत तुला कुणी काढू शकत नाही. मीसुद्धा नाही."

हे खरं होतं. कागद आमच्या बाजूनं होता. विचारायला हे घरी नव्हते. शनिवारची अर्धी सुट्टी, दोनपर्यंत येतील. तोवर तानूबाई थांबणार नव्हती. तिला गवीपुरात आणखी एक घर बघायचं होतं, आणि ते ती मोठ्यानं सांगत होती.

"दसऱ्याचं लिहून द्या," मी म्हणाले.

अक्कांनी माझ्या कागदाच्या पाठीवर कानडीत लिहून सही केली. मालोजीनं पिशवी उघडली. नोटा मी पदरात घेतल्या.

हे आले दोनला पाच मिनिटं कमी असताना. मी ताट वाढलं नव्हतं. सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्याच.

"तू बोललीस? तू होऊन?"

"हो."

"सातशे रुपयांचं बोललीस."

"दसऱ्याला देणार आहेत."

"कुठल्या साली?" यांनी टोपी काढून खुंटीला लावली, परत काढून हातात घेतली. "अगं, कागद आपल्या हातात आहे. हलायचंच कशाला? बिनभाड्याचं बसून राहू आरामात."

"कागदाला दमा होत नाही."

यांनी खाली बघितलं. वारिजा यांच्या बुटाची नाडी सोडत होती. तिचा श्वास या दिवसांत अगदी स्वच्छ असतो. तरी आम्ही दोघांनीही तो ऐकला.

"साइटीला सातशे कमी पडतात," हे म्हणाले. "महिनाअखेर आहे. मागायला गेलो तर लोक माझ्याकडेच मागतील."

"मग हाफ."

"वीस बाय तीस? त्यात पाय पसरले की डोकं शेजाऱ्याच्या अंगणात!"

"पाय दुमडून निजू. आणि त्यातून तेराशे उरतात, त्यात निदान एक खोली उभी राहील. पाडव्यापासून कुठंतरी भाड्यानं राहावं लागणार आहे, तेही बघायचंय." माझा आवाज चढला होता, अक्कांना ऐकू जात असणार. "जेवण आल्यावर. आधी जा. सव्वादोन झाले."

"तुला भीती नाही वाटत? सगळं एका तुकड्यात घालायची?"

"वाटते," मी म्हणाले. "सकाळपासून दुसरं काही वाटलेलंच नाही."

यांनी दोन हजार मोजून आतल्या खिशात घातले, वरून हात दाबून बघितला. सायकल बाहेर काढली. फाटकाशी थांबून मागं वळून म्हणाले, "कोपऱ्याची मिळते का विचारतो. दोन्ही बाजूंनी वारा येईल."

सायकल वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी आत आले. पाडव्याला अजून दोन आठवडे होते, पण मला बसवेना. माळ्यावरचं पोतं काढलं आणि भांडी भरायला घेतली. तपेली, परात, घागर, तांब्ये, सगळी एकात एक घालून, मधे जुन्या लुगड्याच्या चिंध्या. तोंड सुतळीनं करकचून बांधलं. वारिजा पोत्यावर चढून बसली.

"आई, भात," ती म्हणाली.

तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून कुणीच जेवलेलं नाही. तिला उतरवलं, सुतळी सोडली, आणि तपेली शोधत पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.