नवरदेवाची उन्हावरची गाडी

बद्रीनारायण शेठनं पुण्याच्या कुठल्या तरी क्लबातून गोल्फ खेळणाऱ्यांची जुनी गाडी आणली, तवा आमचं अर्धं मस्तगड बघायला गेल्तं. मी न्हाई गेलो. चार चाकं, चार सीटा आन् वर छप्पर, त्यात बघायचं काय डोंबल्याचं? पण शेठचं मंगल कार्यालय, आन् माझी घोडी रेशमा त्याच कार्यालयाच्या वराती काढायची. लग्नसराईतल्या त्या कामावर आमचं वर्ष निघायचं. म्हणून त्यानं बोलावलं तवा जावं लागलं.

"रखमाजी, आता नवरदेव ह्या गाडीतून येणार. छपरावर सोलर बसवलंय. पेट्रोल न्हाई, चारा न्हाई, रस्त्यात लीद न्हाई. खर्चा बिलकुल न्हाई."

मी म्हणलं, "शेठ, वरात दिवस बुडाल्यावर निघते."

"अरे, ऊन बॅटरीत साठतंय ना. दिवसा साठवायचं, रात्री वापरायचं." अशा थाटात सांगितलं की सूर्य जणू ह्याच्याच पेढीवर कामाला हाय.

गाडीला सोलर जोडून देणारा मिस्त्री मला चहाच्या टपरीवर भेटला. तो म्हणला, एवढ्याशा पॅनलनं दिवसभर कडक ऊन खाल्लं तर गाडी गावात एक चक्कर मारील. जास्तीचं पाहिजे तर रात्री वायर लावून चार्ज करावी लागते. त्यानं शेठलाही हेच सांगितलं होतं. शेठनं ती वायर गुंडाळून माळ्यावर टाकली. वायर लावलेली दिसली तर लोकं हसतील म्हणे.

पहिली वरात शेठच्या पोराचीच निघायची होती. लग्नाच्या दोन दिवस आधी शेठची आई सुगनबाई गाडीपाशी आली, छपराकडं बघितलं आन् कपाळाला आठ्या घातल्या. "नवरदेवाच्या डोक्यावर काळं? अपशकून हाय. झाका ते."

झाकलं की हो. आधी लाल चुनडी ताणून बांधली, तिच्यावर डेकोरेशनवाल्यानं झेंडूच्या माळांचा वीतभर थर दिला. शेठ शेजारी उभा राहून, मागच्या बाजूला अजून लावा, असं सांगून राह्यला होता. उन्हावर चालणारी गाडी ह्या शहाण्यांनी भर उन्हात पडद्यात बसवली. त्यात आणखी पाहुण्यांची पोरं दोन्ही दिवस तिच्यात बसून अंगणात गरागरा फिरत होती. एवढी शिकलेली माणसं त्या घरात, एकालाही शंका आली न्हाई. अशा अकलेची मला कीव पण येत न्हाई.

मलाही बोलावणं होतं. त्या मारवाडी लोकांत वरात निघायच्या आधी नवरदेवाच्या बहिणी घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारतात. तेवढ्यापुरती रेशमाला आणायची आन् डाळ खाऊन झाली की परत न्यायची. माझ्या घोडीची किंमत एक पसाभर डाळ. रेशमानं डाळ खाल्ली, आन् नवरदेव माझ्या नाकासमोरून गाडीत जाऊन बसला. मला घरी जायला सांगितलं, पण मी घोडी घेऊन वरातीच्या मागं मागं चालत राह्यलो. राग आल्ता, दुसरं काय.

पुढं बँड, मधी सोलर, आन् त्याच्या मागं झुंबरं पेटवायला धूर सोडणारं डिझेलचं जनरेटर. चौकात पोचायच्या आत गाडी हळू झाली, मंग कण्हली, मंग बसली. नवरदेव साफा सावरत इकडं तिकडं बघू लागला. बँडवाले तिथंच उभे राहून तेच गाणं परत परत वाजवत होते. शेठनं चार पाहुण्यांना ढकलायला लावलं. पाहुणे घामाघूम झाले आन् मुहूर्त जवळ येऊ लागला.

शेठ माझ्याकडं आला. "रखमाजी, घोडी पुढं जुंप. दोरी मागवतो."

"माझी घोडी नवरदेव नेते शेठ, भंगार ओढत न्हाई."

त्यानं डोळे वटारले. तेवढ्यात सुगनबाई गर्दीतून पुढं आली आन् नातवाला म्हणली, "उतर खाली. बैस घोडीवर." सगळ्यांदेखत शेठचं तोंड पार उतरलं. नवरदेव रेशमावर चढला, मी लगाम धरला आन् वरात बराबर मुहूर्तावर पोचली. माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्या बाकी होत्या.

घरी येऊन बायकोला, नंदाबाईला, सगळं रंगवून सांगितलं. आता शेठ जन्मात घोडीशिवाय वरात काढायचा न्हाई, असंही म्हणलो. ती म्हणली, "लई हुरळून जाऊ नका."

दिवाळी झाली आन् शेठनं घोडी विकत घेतली. मारवाडातून आणलेली, पांढरीशुभ्र, स्वतःची. आईला म्हणला, घोडीच लागते ना, मंग घरचीच असू द्या. कार्यालयाच्या सगळ्या वराती तिच्याकडं गेल्या. रेशमाला दावणीला बांधून नुसतं खाऊ घालणं मला किती दिवस झेपणार? भोकरदनच्या बाजारात विकली.

लगाम धरायला शेठला जाणता माणूस पाहिजे होता. त्यानं निरोप धाडला, मी गेलो. वरात निघताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना सांगतो, "हा रखमाजी. आपलाच माणूस हाय." मी लगाम धरून मान हलवतो.