डाळिंबाच्या सालीची तीन घमेली

"दादा, दोनच घमेली हं. वर मूठभरसुद्धा नको," धाकटा म्हणाला आणि थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

बावीस वर्षं या डेअरीत खुराक कालवणारा माणूस तो. चाळीस गाईंपैकी कोण सरकी आधी वेचते, कोण पेंडीसाठी शेजारणीला ढुशी देते, सगळं त्याला पाठ. आणि हे कालचं पोर चार महिन्यांचा कोर्स करून आलं नि त्यालाच शिकवू लागलं! रसाच्या कारखान्यातली फेकून दिलेली डाळिंबाची सालं हा वाळवून, दळून गाईंना घालायचा. म्हणे, थोडं तुरट पोटात गेलं की पेंडीतला कस वाया जात नाही, दुधात उतरतो.

उतरलाही, हेच तर दुखणं होतं. दूध वाढलं. मालक येता-जाता धाकट्याच्या पाठीवर थाप मारू लागले. घरी थोरल्याची बायकोसुद्धा म्हणाली, "भाऊजींनी नाव काढलं हो!" त्या रात्री त्याला जेवण गोड लागलं नाही. भावाचं बरं झालं की आनंद व्हावा, एवढं त्यालाही कळत होतं. होत नव्हता, त्याला तो तरी काय करणार?

धाकटा दूध मोजायला गेला तशी थोरल्याने सालीच्या भुकटीची आणखी तीन घमेली ओतली. रोजच्या सवयीने चिमूटभर खुराक जिभेवर ठेवला. तोंड असं आवळलं की थुंकावं लागलं. तरी त्याने तो गव्हाणीत टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला.

गाईंनी तोंडं फिरवली. तिसऱ्या दिवशी दूध पाव हिश्शाने घटलं.

"कोर्स करून हेच शिकलास?" मालक गोठ्यातच कडाडले.

"माझाच अंदाज चुकला असणार, मालक," धाकटा खाली मान घालून म्हणाला. "दादा चाखल्याशिवाय खुराक घालत नाही. त्याच्या हातून चूक होणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

थोरला चरकला. मालक चार शब्द सुनावतील, सालीची पोती उकिरड्यावर जातील, एवढंच त्याला हवं होतं. भावाच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता.

"मालक, मी टाकली जास्त. तीन घमेली. मुद्दाम."

"मुद्दाम? कशासाठी?"

"जळत होतो मी त्याच्यावर."

मालक चक्क हसले. "भावाला पाठीशी घालतोस होय? अरे, बावीस वर्षांत तुझं घमेलं इकडचं तिकडे झालं नाही. तू असलं करशील, हे एखादं शेंबडं पोर तरी मानेल का?" आणि ते निघून गेले.

धाकटा हसला नाही. तो थोरल्याकडे बघत राहिला. दादा खरं बोलतोय, हे त्याला पटलं होतं.

"दोन दिवस साल बंद ठेव," तो म्हणाला. "खायला लागतील."

त्याने गमबूट काढले, नळाखाली धुतले आणि भिंतीशी नीट उभे करून ठेवले.

घर एकच, त्यामुळे वाटही एकच. धाकटा पुढे चालत होता, थोरला दहा पावलं मागे. त्याने ते अंतर कमी केलं नाही.