आता काहीही लावा

वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होत्या तेव्हापासून कमलाबाईंकडे बायका आपापल्या कातडीची दुखणी घेऊन यायच्या. कुणाला वांग, कुणाला घामोळं, कुणाच्या पोरीला लग्नाच्या तोंडावर मुरमं. कमलाबाई ऐकून घ्यायच्या आणि स्वयंपाकघरातूनच काहीतरी काढून द्यायच्या. मसुरीची डाळ दुधात भिजवून वाटलेली, तांदळाचं धुवण, फुटलेल्या ओठांना साय, उन्हानं काळवंडलेल्या मानेला दह्यात कालवलेलं बेसन. यातलं बरंचसं सासूनं शिकवलं होतं आणि थोडं त्यांचं त्यांनाच सुचत गेलं होतं. पुढे चाळ पाडली, नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर घर मिळालं, सगळ्यांची दारं बंद राहायला लागली. तरी बायका लिफ्टनं वर येऊन बेल वाजवायच्या.

त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा दादरला एका बँकेत नोकरीला होती. वय चौतीस, लग्न केलेलं नव्हतं. रंगानं बापासारखी सावळी. ती लहान असताना कमलाबाई रोज तिला बेसन आणि साय चोळायच्या, पोरगी जरा उजळावी म्हणून. दहावीत असताना एक दिवस तिनं वाटी बाजूला सारली आणि शांतपणे म्हणाली की मी मळलेली नाहीये, मी अशीच आहे. कमलाबाईंना ते लागलं. पुन्हा त्यांनी तिच्या रंगाचा विषय काढला नाही. पण हात भाजला, अंगावर पित्त उठलं, पावलांना भेगा पडल्या, की संघमित्रा आईपुढेच येऊन बसायची. नोकरीला लागल्यावरही यायची.

म्हणून छातीत काहीतरी टणक लागतंय हेही तिनं आधी आईलाच सांगितलं. कमलाबाईंनी हात लावून पाहिलं. गाठ होती, पण दुखत नव्हती. त्यांनी आंबेहळद उगाळून लेप दिला, वरून कोमट केलेलं एरंडाचं पान बांधलं. काही दिवस हेच चाललं. गाठ हलली नाही, तेव्हा तिचे वडील राजाराम बायकोला म्हणाले की आता पुरे, डॉक्टरला दाखवू.

परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टर पद्मजा मराठीतून, सावकाश समजावून सांगायच्या. त्यांना कमलाबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो लेपाचा. लेपामुळे वाढलं का, थांबलो म्हणून उशीर झाला का. डॉक्टर म्हणाल्या की तसं काही नाही, ही गाठ कितीतरी महिने आधीपासून आहे, तुमच्या त्या थोड्या दिवसांनी काही बिघडलं नाही. कमलाबाईंनी मान हलवली. पण त्यांना ते पटलं नाही. घरी गेल्यावर त्यांनी डब्यातली सगळी आंबेहळद कचऱ्यात टाकली.

ऑपरेशन झालं. मग केमो. संघमित्राचे केस गेले, भुवया गेल्या, नखं काळी पडली. त्यानंतर रेडिएशन सुरू झालं. पहिल्या दिवशी तिथल्या माणसानं तिच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या आणि दोघी मायलेकींना बजावलं, या रेघा पुसू द्यायच्या नाहीत, साबण नाही, पावडर नाही, आणि घरातलं काहीही लावायचं नाही.

कमलाबाईंनी हे शब्द मनावर कोरून ठेवले. त्यांच्या घरात देवाला नवस बोलायची रीत नव्हती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि त्यांच्याकडे काही मागायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी मनाशी ठरवलं, आपण हात लावायचा नाही. आपण हात आवरला तर पोरगी वाचेल. कुणी औषध विचारायला आलं तर त्या दारातूनच नाही म्हणायच्या. वडाळ्याच्या एका नातेवाइकानं फोन करून हळद आणि कडुनिंबाचा कसला तरी रस सुचवला, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं की यापुढे हे बोलायला फोन करू नकोस.

काही आठवड्यांत कातडी लाल झाली, मग काळपट, मग काखेत सोलवटून निघाली. कपडा लागला तरी संघमित्रा कळवळायची. ती दिवसभर पंख्याखाली हात उशीवर वर करून बसून राहायची, आणि कमलाबाई शेजारी बसून पेपरची घडी करून वारा घालायच्या. हॉस्पिटलनं एक मलम दिलं होतं, पण तेही अगदी थोडं, सांगितलेल्या वेळेलाच लावायचं होतं.

एका दुपारी संघमित्रा म्हणाली, "आई, काहीतरी थंड लाव ना."

"नाही बाळा."

"नुसता काकडीचा रस. कापसानं."

"डॉक्टर नाही म्हणालेत."

"तू कधीपासून डॉक्टरांचं ऐकायला लागलीस?"

कमलाबाईंनी पेपरची घडी दुसऱ्या हातात घेतली. वारा घालत राहिल्या. थोड्या वेळानं संघमित्रानं पुन्हा विचारलं, या वेळी लहान मुलीसारखं, आणि कमलाबाई उठून आत गेल्या. त्यांनी फ्रिजमधून काकडी काढली. चिरून हातात धरली. ती गार होती. मग त्यांनी ती बारीक चोचवली, दाण्याचं कूट घातलं, मीठ घातलं आणि तिची कोशिंबीर करून रात्रीच्या जेवणात वाढली. संघमित्रानं ताटाकडे पाहिलं आणि कोशिंबीर तेवढी बाजूला सारली. त्या दिवशी ती आईशी आणखी काही बोलली नाही.

रेडिएशनचे थोडेच दिवस उरले असताना तिची पाठ दुखायला लागली. मग दोन जिने चढल्यासारखा नुसत्या बोलण्यानं दम लागू लागला. पुन्हा स्कॅन झाला. रिपोर्ट आले त्या दिवशी संघमित्रा बाहेर बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. तुम्ही दोघं जाऊन या, मला उठवत नाही, असं तिनंच सांगितलं.

डॉक्टर पद्मजांनी दार लावून घेतलं. आजार यकृतात गेला होता आणि हाडांतही. रेडिएशन थांबवावं लागेल, म्हणाल्या, त्याचा आता उपयोग नाही, उगाच त्रास. दुखणं कमी राहील एवढं बघू. राजारामांनी विचारलं, किती दिवस. डॉक्टर म्हणाल्या की महिने धरून चालू नका.

राजाराम टेबलाची कडा धरून उभे होते. कमलाबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना आतून काहीच वाटत नव्हतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"आणि तिच्या त्या कातडीला? तिथं फार आग होते तिला."

डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "आता काहीही लावा, कमलाबाई. तिला ज्यानं बरं वाटेल ते."

इतके आठवडे कमलाबाईंनी या एका वाक्याची वाट बघितली होती. आता ते मिळालं होतं. राजारामांनी दंडाला धरून उठवलं.

दाराबाहेर पडण्याआधी ते म्हणाले की पोरीला यातलं काही सांगायचं नाही. म्हणून त्यांनी तिला सांगितलं की कातडी फार सोलवटली आहे, तेव्हा काही दिवस रेडिएशनला सुट्टी दिली आहे. संघमित्रानं बरं म्हटलं. टॅक्सीत ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून घरापर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाबाईंनी परात काढली. त्यात तूप घेतलं, गार पाणी ओतलं आणि तळहातानं फेसायला सुरुवात केली. पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, नवीन घ्यायचं, पुन्हा फेसायचं. सासू भाजलेल्यावर हे लावायची. त्याला वेळ फार लागतो, म्हणून कमलाबाईंनी इतक्या वर्षांत ते क्वचितच केलं होतं. सकाळ सरत आली तरी त्या फेसतच होत्या. राजाराम दोनदा येऊन म्हणाले की पुरे, हात भरून येतील. तूप हळूहळू पांढरं पडलं, हलकं झालं, त्याचा वासही गेला. त्यांनी ते वाटीत काढलं आणि बाहेर नेलं.

संघमित्रानं वाटीकडे पाहिलं.

"हे काय?"

"तूप. धुतलेलं. लावते."

"डॉक्टर हो म्हणाल्या?"

"हो."

"नेमकं काय म्हणाल्या?"

कमलाबाई पलंगावर बसल्या. त्यांना खोटं बोलायचं होतं, पण त्यांना कधी चांगलं खोटं बोलता आलं नव्हतं. "म्हणाल्या, आता काहीही लावा."

"काहीही," संघमित्रा म्हणाली.

राजाराम दारात उभे होते. ते वळून गॅलरीत गेले. संघमित्रानं त्यांच्या पाठीकडे बघितलं, मग आईकडे.

"म्हणजे संपलं," ती म्हणाली.

नाही गं, असं म्हणायला कमलाबाईंनी तोंड उघडलं, पण वाटी तेवढी मांडीवर ओढून घेतली.  मग संघमित्रानं स्वतःच गाऊनची बटणं काढली आणि हात उशीवर ठेवला. "लाव," म्हणाली.

कमलाबाईंनी दोन बोटांवर तूप घेतलं आणि काखेपासून सुरुवात केली. बोटं टेकली न टेकली अशी फिरवत होत्या. मधे त्या जांभळ्या रेघा आल्या. आंघोळीच्या वेळी त्यांनी त्या जपल्या होत्या, ओला टॉवेलसुद्धा तिथं लागू दिला नव्हता. आता त्या बोटांखाली पसरल्या आणि गेल्या. संघमित्रानं डोळे मिटून घेतले.

"थंड वाटतंय," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, ते तिनं पुसलं नाही.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ तूप लावणं सुरू झालं. आणि कातडी भरून यायला लागली. आधी काखेतलं ओलं सुकलं, मग काळी सालं पडली, खालून नवी, कोवळी, गुलाबीसर कातडी आली. शेजारच्या विंगमधली प्राची भेटायला आली तेव्हा ते पाहून म्हणाली की काकी, तुमच्या हाताला गुण आहे, डॉक्टरांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. संघमित्राचा चेहरा पिवळा पडत होता, पोट फुगत होतं, जेवण सुटलं होतं. पण छातीवरची कातडी रोज सुधारत होती. कमलाबाईंना एखाद्या दुपारी वाटून जायचं, वरचं असं भरून येतंय, तर आतही काही होत असेल. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. एकदा मात्र त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि कातडी बरी झाल्याचं सांगितलं. पुढे काय म्हणतात याची वाट बघत राहिल्या.

डॉक्टर पद्मजा म्हणाल्या की रेडिएशन थांबलं ना, म्हणून ती आपोआप भरते. तशीच भरते.

कमलाबाईंनी फोन ठेवला. म्हणजे तेवढंही त्यांच्या हातानं झालं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी तूप लावताना त्यांचा हात थांबला. संघमित्रानं डोळे उघडले. ती आता फार कमी बोलायची, पण बोलायची ते स्पष्ट.

"आई, तू त्या लेपाचं डोक्यात घेऊन बसली आहेस. त्यानं काही झालेलं नाही. तुझ्यामुळे नाही झालं."

"मग कुणामुळे झालं?"

"कुणामुळेच नाही."

कमलाबाईंना वाटलं, त्यापेक्षा ती आपल्याला दोष देती तर बरं झालं असतं. स्वतःला शिव्या घालत तरी राहता आलं असतं. त्यांनी वाटी झाकली आणि तिच्या पायांवर चादर ओढली.

ती गेली तेव्हा सकाळ होती. राजाराम तिच्यासाठी पाणी कोमट करायला आत गेले होते आणि कमलाबाई तिच्या उशीचा अभ्रा बदलत होत्या. डोकं उचललं तेव्हा ती होती, खाली ठेवलं तेव्हा नव्हती. कमलाबाईंना ते लगेच कळलं, तरी त्यांनी अभ्रा नीट ओढून घेतला, कोपरे आत खोचले, आणि मग नवऱ्याला हाक मारली.

आंघोळ घालायला इमारतीतल्या बायका आल्या. प्राचीनं पाण्याचा मग धरला होता. छातीवर ऑपरेशनची आडवी खूण होती, बाकी कातडी स्वच्छ, मऊ. एक म्हातारी बाई सहज बोलून गेली की बघा, भाजल्याचा डागसुद्धा राहिला नाही. प्राचीनं तिला कोपरानं ढोसलं. कमलाबाई "हो" म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन मुलीचं अंग टिपायला लागल्या, काखेत, गळ्याशी, बोटांच्या मधे. पांढरी साडी नेसवली. त्रिशरण पंचशील झालं. खाली गाडी थांबली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे आपापल्या घरी गेले. बँकेतली दोन माणसं येऊन तिची पाण्याची बाटली आणि स्वेटर देऊन गेली. मग कुणी यायचं राहिलं नाही. त्या दुपारी राजारामांनी चहा मागितला. कमलाबाईंनी सवयीनं तीन कप पाणी ठेवलं, उकळायला लागल्यावर लक्षात आलं, पण ओतून दिलं नाही. तसाच पातळ चहा दोघांनी घेतला. उरलेला पातेल्यात गार होत राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं. राजाराम म्हणाले की जरा पडतेस का. त्या म्हणाल्या, पडून काय करू. संध्याकाळ व्हायला अजून खूप वेळ होता.